कासवाने दिलेला झगा

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा रक्तदाब आटोक्यात आहे. मी अजून त्याच दुकानात चष्म्याच्या काचा घासते. मध्यंतरी जिन्यावरून पडले, गुडघ्याला प्लास्टर होतं, सहा आठवडे घरी बसून काढले.

हसशील, पण त्या सुट्टीत मी मोबाइलवर एक ऑनलाइन खेळ खेळायला लागले. पाच जणांनी मिळून राक्षस मारायचा. मी झाले हीलर, म्हणजे जखमी सोबत्यांना बरं करणारी. आधी सगळे पॉइंट ताकदीत घालून बसले. मी पुढे जाऊन राक्षसाला काठीने बडवायची आणि मागे माझी माणसं पटापट मरायची. शिव्या खाल्ल्या.

मग ‘कासव’ नावाचा एक ढालवाला भेटला. त्याने लिहिलं, “ताकद काढा, सगळं मनोबलात घाला. ते लोखंडी चिलखतही विका. हीलरला हलका झगा लागतो, मंत्र लवकर पडतो.” पुढे झगा त्यानेच दिला. मग हातमोजे, मग पांढऱ्या लाकडाची दुर्मीळ काठी. सगळं फुकट!

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दुकानातली सोबतीण म्हणाली, “उगीच कोण एवढं देतं? पासवर्ड मागेल बघ.” मी टपून बसले. त्याने पासवर्ड मागितला नाही, फोटो मागितला नाही. फक्त मागच्या आठवड्यात लिहिलं, “आज जरा दमानं. गुडघा कसा आहे?”

गुडघ्याबद्दल तिथे मी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि खेळातलं माझं नाव शेजारी बसून बघणाऱ्या आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. आई मोबाइल घेऊन बाल्कनीत जायची. मी आले की “राँग नंबर” म्हणून ठेवून द्यायची. ती आंघोळीला गेल्यावर मी तिचा मोबाइल उघडला. महिन्याभरात ‘वॉशिंग मशीनवाला’ चाळीस वेळा. धाकट्या, आपल्याकडे वॉशिंग मशीनच नाही. नंबर तुझा होता.

“कधीपासून चाललंय?” ती बाहेर येताच मी विचारलं.

“तीन वर्षं. त्याचं नाव काढलंस तर घर सोडीन, असं तूच म्हणाली होतीस.”

“बाबा शेवटच्या घटका मोजत होते आणि त्याने माझा फोन उचलला नाही!”

आई म्हणाली, “मीही त्याला तेच विचारलं होतं. तो म्हणाला, ताई म्हणते तसंच असेल.”

मी तिचा मोबाइल तिच्या हातात परत दिला.

मी तुला फोन केलाच नव्हता. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून तुझा नंबर काढला आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. तू घर सोडून गेल्याचा राग होता. वाटलं, बाबा दोन दिवसांत घरी येतील, मग तुला ऐकवीन की एकटीने निभावलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. काका विचारायला लागले, “धाकट्याला कळवलंस ना?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “उचलत नाही.”

काल आईला हे सांगितलं. मग पाकिटावर तुझा पत्ता तिनेच लिहिला, अक्षर ओळखशील. रविवारी काका आणि मामा येणार आहेत. त्यांनाही सांगणार आहे. तू समोर असलास तर बरं वाटेल. नसलास तरी सांगणार.

तुला न कळवणारी,
ताई