त्याची वाक्यं कोणी वाचायची?

हार्लो बेंड, मिसुरी
४ मार्च १९८४

प्रिय ओडेसास,
नेल्डाचे स. न. वि. वि.

तुमच्या शिकागोत अजून बर्फ असेल. इकडे नदी चढलीय आणि आईचे गुडघे धरलेत. तुझ्या हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्या संपल्या की नाही?

पत्र घाईचं आहे. तुझ्या भावाने, रूबेनने, शाळा समितीकडे अर्ज दिलाय की दहावीतून ती कादंबरी काढून टाका. हो, तीच, गोरा पोरगा आणि पळालेला गुलाम यांच्या दोस्तीची, आपण प्रुएट सरांच्या वर्गात वाचली ती. त्याची लेक कॉर्लिस यंदा माझ्याच वर्गात आहे. पानोपानी काळ्यांना देतात ती शिवी आहे, हे मला दिसत नाही का? पण गुलामगिरीवर इतकं जिव्हारी लागणारं दुसरं काय शिकवू? एकोणीस वर्षं शिकवतेय. आता रूबेन रस्त्यात दिसला तर मान फिरवतो.

बावीस तारखेला सभा आहे. तू समितीला दोन ओळी लिही. आपल्या शाळेतली तू पहिली काळी मुलगी, माझ्या बाकावर बसलीस, आणि त्या पुस्तकाने आपल्याला मैत्रिणी केलं, एवढंच. गुलामाची वाक्यं तू इतकी सुंदर वाचायचीस की सर दुसऱ्या कोणाला उठवतच नसत! तुझं पत्र मी स्वतः सभेत वाचेन. नाही म्हणालीस तर तुझ्या दारात येऊन बसेन, सांगून ठेवते.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
तुझी,
नेल्डा

—

हार्लो बेंड
९ मार्च

ती. आत्यास,
कॉर्लिसचा सा. न.

बाबांना न सांगता लिहितेय, म्हणून रागावू नकोस. नेल्डाबाईंनी तुला लिहिलंय, असं त्यांनीच वर्गात सांगितलं. पण त्यांनी सगळं लिहिलं असेल असं वाटत नाही.

त्यांनी मला गुलामाची वाक्यं मोठ्याने वाचायला सांगितली. मी नाही म्हटलं. तर अगदी प्रेमाने म्हणाल्या, अगं, तुझी आत्या किती छान वाचायची! वर्गात काळी मी एकटी. त्या दिवसापासून मागच्या बाकावरचे तिघं मला बसमध्ये ती शिवी देऊनच हाक मारतात. विचारलं तर म्हणतात, आम्ही गृहपाठ करतोय.

बाबा म्हणतात पुस्तकच जाळा. आत्या, मी ते दोन दिवसांत वाचून काढलं. त्यात धड माणूस असा तो गुलाम एकटाच आहे. मला पुस्तक नको असं नाही. मला फक्त वर्गासमोर तो व्हायचं नाही.

तुला खरंच आवडायचं का गं वाचायला? बाबा म्हणतात, तेव्हा तू शाळेतून घरी येऊन जेवायची नाहीस. खरं काय ते कळव.

तुझी लाडकी (एकुलती असल्यामुळे),
कॉर्लिस

—

शिकागो
१४ मार्च

प्रिय नेल्डास,
ओडेसाचा नमस्कार.

तुझं पत्र चारदा वाचलं. मग कॉर्लिसचं आलं. तुझ्या वर्गातले मागच्या बाकावरचे तिघं तिला बसमध्ये ती शिवी देऊन हाक मारतात, हे तुला ठाऊक आहे का?

प्रुएट सर मलाच उठवायचे, कारण वर्गात काळी मी एकटी होते. मी सुंदर वाचायचे, कारण अडखळले तर पोरं अजून हसतील ही भीती होती. सहा आठवडे रोज. एकदा सुट्टीत तू माझ्या त्या आवाजाची नक्कल केलीस. सगळ्या हसल्या, तूही हसलीस. मीही हसले, नेल्डा. ते मला अजून गिळता येत नाही.

आपली मैत्री त्या पुस्तकाने केली नाही. माझी आई अंथरुणावर होती त्या उन्हाळ्यात तू रोज आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्याबरोबर वाटाणे सोललेस, आमच्या ताटात जेवलीस. तुझ्यासारखी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही. पण तू मागच्या दाराने यायचीस, आणि तुझ्या आईला वाटायचं तू चर्चच्या गायनाला गेलीस. त्या कादंबरीतली दोस्तीसुद्धा चार माणसं बघत नसतील तिथेच फुलते. पोरांना शिकवायचंच तर हे शिकव.

पुस्तक ठेवा की काढा, हे मी सांगणार नाही. समितीसाठी वेगळं पत्र लिहीत नाही, हेच वाच. वाचलंस तर अख्खं वाच, नाहीतर वाचू नकोस. रूबेनला आणि कॉर्लिसला याची प्रत पाठवलीय.

रागाने लिहिलं नाही.
तुझीच,
ओडेसा

—

हार्लो बेंड
२३ मार्च

प्रिय ओडेसास,
स. न.

अख्खं वाचलं. पाच दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. दोनदा ठरवलं की विसरले म्हणून सांगायचं. सभेला दीडशे माणसं, तिसऱ्या रांगेत आई. मी तुझी नक्कल केल्याच्या ओळीवर अडखळले. अध्यक्ष म्हणाले, बस्स करा, बाई. मी म्हटलं, अजून मागचं दार राहिलंय.

चार विरुद्ध तीन मतांनी पुस्तक वर्गातून गेलं. ग्रंथालयात राहील. प्राचार्य म्हणाले, स्वतःच्या हाताने घालवलंस. कोणी टाळी वाजवली नाही, रूबेननेही नाही. बसमधल्या त्या तीन पोरांचं मात्र मी प्राचार्यांना नावं घेऊन सांगितलं. त्यांच्या आयांना सोमवारी शाळेत बोलावलंय. आई कालपासून माझ्याशी बोलत नाही.

आज दुपारी रूबेनच्या घरी गेले. पुढच्या दाराने, शेजारीपाजारी अंगणात असताना. कॉर्लिसची माफी मागितली. असू दे बाई, असं ती म्हणाली नाही. मला उभंच ठेवलं आणि विचारलं, की ती वाक्यं तुम्ही स्वतः कधी मोठ्याने वाचलीत का? एकोणीस वर्षांत एकदाही नाही, ओडेसा. मी तसं सांगितलं. तेव्हा तिने खुर्ची पुढे केली.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही. उत्तर मात्र दे.

नेल्डा