दुसऱ्या दिवशीचं निगेटिव्ह

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. आज चिडून तुम्हालाच लिहायला बसलोय, कारण इथे बोरीवलीत कुणाला हे समजवायला गेलं की तो मोबाईल बघायला लागतो. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. पावसाळाभर रोज तीच हुज्जत. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस येतो, डेंग्यूचं अँटीबॉडीचं कार्ड करून घेतो, रेघ उमटत नाही, आणि सुटलो म्हणत घरी जातो. अहो, शरीराला अँटीबॉडी तयार करायलाच चार-पाच दिवस लागतात. त्याआधी कार्ड दाखवणार काय? आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं उलटंच. कधीकाळी होऊन गेलेल्या डेंग्यूची रेघ दिसली, तर साध्या सर्दीत आठवडाभर पपईच्या पानांचा रस पीत बसले. समजावलं तर म्हणाले, "तू डॉक्टर आहेस काय रे?"

अशा वेळी तुमचा वर्ग आठवतो. भिजवलेली मटकी रोज बघायची आणि वहीत लिहायचं. मी पहिल्याच दिवशी लिहून मोकळा, 'मटकीला मोड येत नाहीत.' तुम्ही वही हातात घेता, आवाज न चढवता म्हणता, "आज आले नाहीत, असं लिही. उद्याचं तुला काय माहीत?" सगळा वर्ग हसतो. मला अजून लाज वाटते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर बायकोला ताप आला. ती एका पाळणाघरात स्वयंपाक करते, सुट्टी नको म्हणाली. पहिल्या काही दिवसांत थेट विषाणूचाच अंश शोधणारी वेगळी तपासणी असते. त्या तपासणीची कार्डं आमच्या लॅबमध्ये संपली होती, नवी उद्या येणार होती. बायको म्हणाली, "जे आहे ते कर ना. मला नुसतं हो की नाही सांग." तापाचा दुसरा दिवस. मी अँटीबॉडीचं कार्ड केलं. रेघ आली नाही. रोज सकाळी बुद्धवंदना करणारा, खोटं न बोलण्याचं शील म्हणणारा मी तिला म्हणालो, "नाहीये गं डेंग्यू. जा तू." ती गेली. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या खात राहिली. डेंग्यूत त्या चालत नाहीत, रक्तस्राव वाढतो. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. पुन्हा तपासलं तर ठळक रेघ. सहा दिवस ती हॉस्पिटलात होती, आणि बाहेरच्या बाकावर मला पाठ असलेल्या वंदनेची पुढची ओळ आठवत नव्हती.

ती वाचली. आता सगळ्यांना सांगते, "पहिलं कार्डच फालतू निघालं. ह्यांनी परत तपासलं म्हणून मी आहे." सोसायटीतल्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात. कार्डात काही खोट नव्हती, गुरुजी. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं. तिला अजून सांगितलेलं नाही.