तुमची नात नुरा कुस्ती खेळते

अण्णा, तुमची नात आज मेक्सिकोत कुस्ती हरली. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती, इकडे सिंगापुरात, पासिर रिसला रविवारची सकाळ. मी पोह्यांखालचा गॅस बंद करून लॅपटॉपसमोर बसले होते, आणि तिची पाठ टेकली तेव्हा उभी राहून टाळ्या वाजवत होते. हे म्हणाले, "अगं, हरली ती." म्हटलं, "माहितीये. गुरुवारपासून माहितीये." एवढं ऐकूनच तुमच्या कपाळावरची शीर फुगली असेल. गुरुवारपासून निकाल ठाऊक असलेल्या कुस्तीला काय म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! हो, तुमची नात नुरा कुस्ती खेळते. कोण जिंकणार, कोण पडणार, सगळं आधीच ठरलेलं. त्यावर तिचं पोट चालतं, आणि मला तिचा इतका अभिमान वाटतो की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि पाठीला माती लागणं म्हणजे काय, हे कळणारं माणूस माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय कुणी नाही.

तुमच्या पट्टशिष्याचा तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसला आहात, आई तव्यावरची भाकरी उलटते आहे, आणि तो जत्रेतली कुस्ती मारून डोक्याला फेटा बांधून दारात उभा आहे. ती कुस्ती मिटवून खेळली गेली, ही बातमी त्याच्या आधीच घरी पोचलेली. तो पाया पडायला वाकतो आणि तुम्ही पाय आखडून घेता. "उद्यापासून तालमीत पाऊल टाकायचं नाही. लोक तुला बघायला उन्हात बसले होते, त्यांना फसवलंस तू." एवढंच बोललात. आपल्या घरात वाढलेला तो मुलगा, फेटा हातात घेऊन रडत गेला. तुम्ही ताट सारून उठलात आणि आईची भाकरी तव्यावर करपली. त्या दिवसापासून आपल्या घरात नुरा हा शब्द शिवीसारखा झाला. मी पोरगी, तालमीच्या उंबऱ्याच्या आत मला कधीच घेतलं नाहीत. थंडाईचा तांब्या दारात ठेवून तिथूनच जे दिसेल ते बघायचे. पण ती शिस्त दारापर्यंत येत होती आणि माझ्यातही मुरत होती.

ही जन्माला येण्याआधीच तुम्ही गेलात. पुण्यात जन्मली, पण तान्ही असतानाच आम्ही तिला इकडे आणलं. तिची शाळा इंग्रजी, ओरडणं इंग्रजी, वाक्याच्या शेपटीला इकडचं 'लाह'; मराठी आमच्यापुरती. एक दिवस म्हणाली, रेसलिंगचा क्लास लावलाय. मी आधी हसले, मग तिने फोनवर व्हिडिओ दाखवला. चमचमते कपडे, तोंडावर मुखवटे, उड्या. म्हटलं, "हे असलं आपल्या घरात चालणार नाही." तर म्हणते, "आपल्या घरात कोण आहे, मम्मा? यू अँड बाबा ओन्ली, लाह." माझ्या डोळ्यांसमोर मात्र तुम्ही उभे होतात.

शेवटी हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून अर्धी रजा काढून तो क्लास बंद करायला म्हणून गेले. कारखान्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, टायरवाल्याच्या शेजारी, दोरांनी बांधलेला चौकोन. शिकवणारा चिनी तरुण, हाफ पँट आणि स्लिपर. माझा चेहरा बघून माझी समजूत घालायला लागला, "आंटी, डोन्ट वरी लाह. फर्स्ट थ्री मंथ्स ओन्ली फॉलिंग." पोटची पोर तीन महिने नुसती पडणार, हे ऐकून कुठल्या आईला धीर यावा? ती पाठीवर पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती, आणि तो ओरडत होता, "चिन! चिन!" आणि अण्णा, मला तुम्ही ऐकू आलात. "हनुवटी छातीला लाव रे, मान सांभाळ." नव्या पोरांना तुम्हीही आधी पडायलाच शिकवायचात, डाव कितीतरी नंतर. मी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले ती तास संपेपर्यंत उठले नाही. क्लास बंद करायचा राहूनच गेला.

मग मेक्सिको, तिथली कुस्ती शिकायला. तिथल्या तालमीच्या माडीवर राहायची आणि उजाडायच्या आत खाली उतरायची. वस्ताद म्हातारा, तुमच्यासारखाच, बैठका मोजताना एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. राजमा आणि मक्याच्या पोळ्या खाऊन राहिली, म्हणे, "मम्मा, भाकरीच आहे ही." तिकडे तिने मुखवटा घेतला. लोक त्या मुखवट्यावर जीव टाकायचे, त्यामागचा चेहरा कुणालाच माहीत नव्हता. मग अमेरिका. शाळांच्या हॉलमध्ये कुस्त्या, एका गाडीत कोंबलेल्या चार मुली, एका गावाहून दुसऱ्या गावाला. खांद्याचं हाड मोडलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर रडून म्हटलं, पुरे झालं, ये घरी. "कॅनॉट, मम्मा. हाड जुळलं की मॅच आहे." आणि आता अमेरिकेतल्या कुस्त्या भरवणाऱ्या मोठ्या कंपनीने तिला बोलावलंय, पण त्यांना तिचा चेहरा हवाय. मेक्सिकोची रीत अशी की मुखवटा गुपचूप काढून बॅगेत भरता येत नाही. रिंगमध्ये कुणाकडून तरी हरून तो त्याच्या हाती द्यायचा, म्हणजे जिंकणाऱ्याचं नाव होतं. गुरुवारी मेक्सिकोतल्या आयोजकांनी तिला सांगितलं, तिथल्याच एका नव्या मुलीकडून हरायचं.

मी भडकलेच. म्हटलं, इतकी वर्षं घासलीस, जिंकून जा ना! ती शांतपणे म्हणाली, "मम्मा, ती वरच्या दोरावरून माझ्यावर उडी मारणार. मी तिला झेलायचंय. मी हाफ सेकंद लेट झाले तर तिची मान जाईल. हारजीत फिक्स्ड आहे, बट दॅट इज नॉट फिक्स्ड."

ते ऐकल्यावर मला तुमची ती हरलेली कुस्ती आठवली. समोरचा जवळजवळ चीत झाला होता, आणि तुम्ही पकड सोडलीत. त्याने त्याच झटक्यात तुम्हाला उलटवलं. अख्खं गाव म्हणालं, अण्णा संपले. घरी आल्यावर आईने विचारलं तर म्हणालात, "त्याची मान खाली अडकली होती," आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यात. त्या दिवशी तुम्हीही जाणूनबुजून हरलात. मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, मी गुरुवारी ठरवून गेलो नव्हतो. कबूल. पण तुमच्या शिष्याने लोकांना फसवलं होतं. हिचे लोक सगळं ठाऊक असून तिकीट काढतात, नाटकाला जावं तसे. आणि दुसऱ्याची मान ती रोज सांभाळते. खाण तशी माती, दुसरं काय!

आज तिने त्या मुलीला असं झेललं की माझ्याच तोंडून शिट्टी निघाली. मग ती पडली, हरली, गुडघ्यांवर बसून तिने मुखवट्याच्या नाड्या सोडल्या आणि तो त्या मुलीच्या हातात दिला. घामाने चिंब झालेला चेहरा, नाक थेट तुमचं. मुखवटा गेला की तिथे माइकवर सांगावं लागतं, आपण कोण, कुठले, ही विद्या कुणाची. तिने स्वतःचं नाव सांगितलं, पुणं सांगितलं, सिंगापूर सांगितलं. आणि मग, अण्णा, तुमचं नाव घेतलं, आडनावासकट, पैलवान म्हणून. पुण्यात आपल्या पेठेत आता ते नाव घेणारं कुणी उरलेलं नाही. तिथे भरलेला हॉल उठून उभा राहिला, म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. मी पण पुसले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. गुरुवारी फोन ठेवण्याआधी तिने विचारलं होतं, "आजोबांचं नाव घेऊ का तिथे? त्यांना चालेल?" तुम्ही नाही म्हणाला असतात, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हटलं, "चालेल. मोठ्याने घे."