तिकडचा पाचवा ऋतू

३० मार्च, रविवार (पाडवा)

नऊ! रोहिणीने नऊ दिले. दहापैकी नऊ! का, तर म्हणे यंदा तिकडे एक ऋतू वाढलाय.

कुणाला विचारून?

'तिकडे' म्हणजे आमचंच. माझं आणि तिचं. नववीत, भूगोलाच्या तासाला, ओढणीने मान पुसत तिने विचारलं होतं – शांते, हवामान तुझ्या मर्जीने करायचं असतं तर कसं केलं असतंस? तेव्हापासून दोघी मिळून करतोय. चार ऋतू झालेत. 'वाळवण' – ऊन कोवळं, वारा कोरडा, पापड एका दिवसात खडखडीत. 'सर' – पाऊस फक्त रात्रीचा, दिवस उजाडला की बंद. 'गोधडी' – खरी थंडी, तोंडातून वाफ निघेल अशी. पेणला कुठली आलीय ती! आणि 'मोहोर' – त्यात कुणी काहीच करायचं नाही, नुसता वास घ्यायचा. बदल करायचा तर दोघींनी हो म्हटल्याशिवाय नाही, हा नियम. लग्नं झाली, ती रोह्याला गेली, मी पेणातच राहिले, पोरं मोठी झाली – पण दर पाडव्याला फोनवर तिकडच्या हवामानाला मार्क द्यायचे ते द्यायचेच. गेल्या वर्षी साडेआठ होते. 'सर'मध्ये सकाळी चिखल राहतो म्हणून कापलेले. आमचे हे म्हणतात, "दोन बायांचं हवामान खातं." म्हणोत.

आणि आता पाचवा. 'मळभ'! नुसते ढग. ना ऊन ना पाऊस. हा काय ऋतू झाला?

"नम्रताने सुचवला," रोहिणी म्हणाली. सहज. आमटीत कोथिंबीर टाकावी तसं.

"कोण नम्रता?"

"अगो, आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आलीय ना दिवाळीनंतर. ब्लाउज शिवते. तिला मी तिकडचं सगळं सांगितलं. काय हसली माहितेय!"

सगळं सांगितलं.

मी मार्क दिलेच नाहीत. तेल तापलंय म्हणून फोन ठेवला. गॅस पेटवलेला पण नव्हता.

१ एप्रिल

मळभाला शून्य.

६ एप्रिल, रविवार

आज ऑर्डरचे पोह्याचे पापड. विमलबाई लाटायला आल्या होत्या. म्हणाल्या, "कुणाशी भांडलीस का गो? लाटी अशी काय आपटतेस?" मी म्हटलं, नाय.

भांडले नाहीच. भांडायला समोरच्याला कळायला तरी पाहिजे! रोहिणीचा फोन आला की नम्रता म्हणते असं, नम्रता म्हणते तसं. आज काय, तर नम्रता म्हणते 'मोहोर'मध्ये नुसता आंब्याचा वास कशाला, सुरंगीचा पण पाहिजे.

चांगलं आहे ते. त्याचाच राग येतो. सुरंगी! इतकी वर्षं मला सुचू नये? माझ्या आजोळच्या दारात सुरंगी होती. रोहिणीने माझ्या हातची वेणी घातलीय सुरंगीची. तिलाही आठवलं नाही. त्याची आठवण करून द्यायला वरच्या मजल्यावरची बाई लागली.

"बरं आहे," म्हटलं. आवाज असा काढला की तिला कळावं. नाही कळलं.

१३ एप्रिल, रविवार

फोटो पाठवलाय. अंगणात दोघी. नम्रता लांब बाह्यांत, हातात मोजे, डोक्याला स्कार्फ, वर आणि छत्री – पाऊस ना पाणी! एप्रिलमध्ये! सिनेमातली हिरॉइन शूटिंगच्या मधे बसते तशी. गोरी आहे. म्हणून जपते असणार.

ह्यांना दाखवला. वाटलं हसतील. तर म्हणे, "बरी हाय की दिसायला."

झालं.

२० एप्रिल, रविवार

रोह्याला जाऊन आले. न कळवता. सकाळची मेमू पकडली. कासू स्टेशन मागे पडलं तसा पदर नीट केला, केस चापले – आपल्याच मैत्रिणीकडे जाताना!

रोहिणीला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. गळ्यातच पडली. पण चहा गाळता गाळता जिन्याकडे तोंड करून हाक मारलीच, "नम्रता, ये गो खाली, शांती आलीय!"

आली. लाजरी आहे. "शांतीताई, तुमचं 'वाळवण' ऐकलंय मी," म्हणाली. "छान असेल ना तुमच्याकडे, गच्चीवर सगळीकडे पापड." गोड बोलते. जास्तच गोड. मी विचारलं, मग मळभ कशाला आणलंस? आमच्या पापडांना बुरशी आणायला? ती नुसती हसली. रोहिणीच म्हणाली, "तिला आवडतं गो ढगाळ. असू दे की." पाठीशी घातलं!

दुपारी मीच टूम काढली, कुंडलिकेवर जाऊन येऊ. नम्रता म्हणाली, संध्याकाळी जाऊया का, ऊन उतरल्यावर? मी म्हटलं मला गाडी आहे, आत्ताच. रोहिणी नळाला पाणी आलं म्हणून मागे राहिली – पुढे व्हा, आलेच. आम्ही दोघी निघालो. मोजे, स्कार्फ, छत्री. रस्त्यावरची माणसं बघतात. नदीवर पोचल्यावर मी तिची छत्री घेतली. हसत हसत. मिटली आणि माझ्या काखेत धरली.

"राहू दे ना जरा," म्हटलं. "रंग काय उडून जाणार हाय का? मोजे पण काढ. उकडत नाय तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग काढले मोजे. एक एक बोट सोडवून. स्कार्फ पण काढला. आणि बसली माझ्या शेजारी, घाटाच्या पायरीवर, डोळे मिटून, तोंड वर करून. "किती दिवसांनी," म्हणाली. मला वाटलं, नाटकं!

रोहिणी आली ती धावतच. छत्री माझ्या काखेतून खेचून घेतली. नम्रताच्या डोक्यावर उघडली. परत येताना दोघी पुढे, एका छत्रीत. मी मागे.

छत्री दोघींना पुरते. मी मोजलंच ते.

२२ एप्रिल

रोहिणीचा फोन. नम्रता तापाने फणफणलीय. तोंडावर, हातांवर लाल चट्टे. सांधे धरलेत, कप उचलवत नाही. तिला ऊन सोसत नाही असा आजार आहे. ल्युपस की काय. रंगाबिंगाचं काही नाही.

"मला सांगायचं नाहीस?" मी ओरडलेच.

"तिने कुणाला सांगू नको म्हटलं होतं. लोक शिवायचं कापड द्यायचे बंद होतात, आजार लागेल म्हणून. आधीच्या घरी तसंच झालं."

"मी लोक आहे?"

रोहिणी म्हणाली, "शांते, ती आजारी पडलीय आणि तू हे विचारतेस?"

तिने ठेवला फोन.

२३ एप्रिल

उचलत नाही.

२७ एप्रिल, रविवार

पुन्हा रोह्याला. पापडांची दोन पाकिटं घेतली, दुसरं काय नेणार? रोहिणी दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. आमच्या आयुष्यात पहिल्यांदा.

"झोपलीय ती. आत्ता नको."

"मला माफी मागायची होती."

"तुझं तुला बरं वाटावं म्हणून तिला उठवू?"

पाकिटं तिच्या हातात दिली आणि वळले. स्टेशनावर बाकावर बसून रडले. एक बाई विचारत होती, कोण गेलं का हो? मी मान हलवली. हो की नाही, मलाच ठाऊक नाही.

आणि खरं लिहायचं तर – त्या रडण्यातसुद्धा मधेच मनात येत होतं, आता वर जाऊन रोहिणी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत असेल. मला कावीळ झाली होती तेव्हा माझ्या उशाशी बसायची तशी.

काय बाई आहे मी!

६ मे

मळभ. खरोखरचं. सकाळपासून आभाळ खाली आलंय, काळं, जाड. गच्चीवर घातलेले सगळे पापड गोळा केले, तरी शेवटच्या पाटीवर चार थेंब पडलेच. विमलबाई आभाळाला शिव्या देत होत्या. मी पण द्यायला तोंड उघडलं, आणि थांबले. वाटलं, आज ती बाहेर पडली असेल का?

दुपारी अनोळखी नंबर.

"शांतीताई, नम्रता बोलतेय. पापडाच्या पाकिटावर नंबर होता तुमचा."

हातातली पाटी खाली ठेवली. मग सगळं एकदम बाहेर पडलं. माफ कर, मला ठाऊक नव्हतं, मी जळत होते गो तुझ्यावर – हे सुद्धा बोलून गेले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी आज बाजारात जाऊन आले. छत्री मिटून, हातात धरून. डॉक्टर म्हणतात ढगातनं पण ऊन लागतं, पण एवढं जाड असलं की जरा वेळ चालतं. कोथिंबीर घेतली. गरज नव्हती."

तिचं माहेर खांब गावातलं. शेतकऱ्याची पोर. लग्नाआधी लावणीला सगळ्यांच्या पुढे असायची, चिखलात, दिवसभर. दुसऱ्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं.

"मग त्या दिवशी का काढलेस मोजे?" मी विचारलं. "नाही म्हणायचंस! माझ्या तोंडावर छत्री मारायचीस!"

"तुम्ही रोहिणीताईंच्या मैत्रीण," ती म्हणाली. "त्या दिवसभर तुमचंच सांगत असतात. शांती असं म्हणायची, शांती तसं करायची. मला वाटलं, तुम्हाला मी आवडले पाहिजे."

दिवसभर माझंच सांगते?

संध्याकाळी मळभाला मार्क दिले. सात. तीन कापले ते पापडांचे. खोटे दहा देऊन काय उपयोग, तिलाही आवडायचं नाही.

९ मे

नम्रताशी बोलणं झालं. चट्टे उतरलेत. शिवायला बसली. मी म्हटलं, मळभात वारा सुटायला पाहिजे, नाहीतर जीव घुसमटतो. तिला पटलं. लगेच पटलं! रोहिणी असती तर आठवडाभर वाद घातला असता.

१४ मे

आज ती हसली. रोहिणी म्हणाली होती तसंच हसते – काय हसते! मीच हसवलं.

१८ मे, रविवार

रोहिणीचा फोन. स्वतःहून! झालं ते झालं म्हणाली, तुझ्याशिवाय करमत नाही म्हणाली. मला रडू आलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं – "नम्रता काय फोनबिन करते का गो तुला?"

"नाय गो," मी म्हणाले. पटकन. सकाळीच बोललो होतो आम्ही.