बाबा बसले आणि साडेवीस आलं

प्रिय फेतूताईस,

धाकट्या सिएनीचा नमस्कार. ऑकलंडच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत. बाबा तर जरा जास्तच खुशाल आहेत, आणि त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या वर्गाची रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. काम साधं. व्हिनेगरमध्ये कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकला की थांबायचं. ते पाणी ज्या ब्युरेटमधून सोडायचं (खाली तोटी असलेली, आकडे कोरलेली उभी काचनळी, तू शाळेत एक फोडली होतीस ती), तिच्यावरचा आकडा सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा वाचायचा. दोन्ही वेळा डोळा पाण्याच्या रेषेत हवा. हे सांगून सांगून महिनाभरात माझा घसा बसला. इओसेफो नळीच्या तोंडातलं नरसाळं काढायला विसरतो. मिलियामा तोटीतला बुडबुडा घालवत नाही, जसा काही तो तिनेच पाळलाय! पण त्या दिवशी नरसाळी निघाली, बुडबुडे गेले, नऊच्या नऊ जणांनी पहिला आकडा ताठ उभं राहून वाचला. मी देवाचे आभार मानले. घाईच केली.

कारण तेवढ्यात दारात बाबा! कमरेला गुंडाळलेलं नवं लावालावा, गळ्यात माळ, खांद्यावर चवरी. गावचा प्रमुख, मताई म्हणून पोरांना आशीर्वाद द्यायला आलोय म्हणाले, आणि फळ्याखालच्या बुटक्या स्टुलावर ऐसपैस बसले. झालं! बसलेल्या मताईपेक्षा आपलं डोकं वर दिसलं की आईचा हात कसा चालायचा, आठवतंय ना? नऊ पोरं एकदम कमरेत वाकली. वाकूनच तोट्या फिरवल्या आणि वाकूनच, माना वर करून, शेवटचा आकडा वाचला. खालून पाहिलं की रेषा खालच्या आकड्यावर दिसते, आणि या नळीवर आकडे खाली वाढत जातात. वीसच्या जागी साडेवीस. सगळ्यांचं! (बाबा सुरुवातीपासून बसले असते तर दोन्ही आकडे सारखेच चुकून वजाबाकी तरी जुळली असती. पण वेळेवर येतील ते बाबा कसले?)

खरं उत्तर अपियाच्या परीक्षकबाईंकडे बंद पाकिटात होतं. त्यांनी कळवलंय की नऊ जणांची एकच चूक, म्हणजे एकाचं बघून आठांनी उतरवलं. कॉपी! माझ्या पोरांवर! शेजारणीकडे खोडरबर मागायला लाजणारी ती मिलियामा, दोन दिवस धड जेवली नाही. आता गुरुवारी बाई स्वतः येऊन परीक्षा पुन्हा घेणार. पुन्हा साडेवीस आलं तर नऊही नापास. माझा नुसता संताप संताप झालाय, आणि तो काढायला जागा नाही. बाबा गुरुवारीही येणार आहेत. ज्या माणसाला चौथीतून काढून तारोच्या मळ्यात जुंपलं, तो नवं लावालावा नेसून रसायन बघायला येतो. त्याला नको कुठल्या तोंडाने म्हणू?

तुझी,
सिएनी

ता. क. : मुलांना वाकावं लागतं, एवढं काल भीत भीत बाबांच्या कानावर घातलं. ते कळवळले. म्हणाले, "अगं वेडे, आधी नाही का सांगायचं? गुरुवारी स्टूल नकोच, मी आपला खाली चटईवर बसतो!" ताई, हात जोडते, बुधवारी फोन कर. ते तुझंच ऐकतात. ऑकलंडला प्रयोग संपेपर्यंत मताईने उभं राहायचं असतं, तोच मोठा मान, असं काहीतरी ठोकून दे.

आणखी एक : तू विचारशील, पोरं वाकली तेव्हा मास्तरीणबाई काय करत होत्या? नऊही नळ्या मी एकेक करून स्वतः तपासल्या आणि प्रत्येक वहीवर 'बरोबर' लिहून सही केली. वाकून.