दुबार नाव

१ जुलै, मंगळवार
वर्ध्याहून बाडबिस्तरा उचलून आले एकदाची नागपुरात! नंदनवन भागात खोली, हुडकेश्वरच्या शाळेत नोकरी. पहिली ते चौथीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा. बारा मशीन, चालू नऊ, अन् पोरं एकशे चाळीस. पहिल्याच तासाला ‘मॅडम, मले पहिले, मले पहिले’ म्हणून असा कल्ला केला की बाप रे! तिसरीतली रोशनी तर माउसला हात लावायलाच घाबरत होती. चावते म्हणे. हसून हसून पोट दुखलं माझं.

९ जुलै, बुधवार
रोशनीनं आज पेंटमध्ये घर काढलं. त्यात आई, लहान भाऊ पियुष अन् दाराशी मी! मी काहून, म्हणून विचारलं, तर म्हणाली की तुम्ही एकट्या राहता न. तास संपला तरी उठेना. शेवटी तिची आई, मायाताई, येऊन तिला ओढत घेऊन गेली. शाळेची ऑनलाइन कामंही माझ्याच गळ्यात पडली आहेत. कॉम्प्युटर शिकवते म्हणजे हिला सगळंच येतं, असा इथे सगळ्यांचा समज.

१५ जुलै, मंगळवार
हेडमॅडमनी विद्यार्थ्यांची ऑनलाइन यादी साफ करायला बसवलं. एक नाव दुबार निघालं, नेमकं रोशनीचं. एक नोंद आमच्याकडे, एक गावाकडच्या जुन्या शाळेत. खरं तर जुनी उडवायची. पण आजच्या आज दुबार शून्य दाखवा, असा वरून फोन. हेडमॅडम म्हणाल्या, आपलीच उडव, उद्या नव्यानं टाकू. मी बटण दाबलं तर दोन्ही नोंदी गेल्या. म्हटलं जाऊ दे, उद्या पाहू.

१६ जुलै, बुधवार
रोशनी तासभर उभीच होती. तिच्या खुर्चीवर दुसरी पोरगी बसली होती, हटेचना. मी रागावले तर सगळी पोरं माझ्याकडेच टकमक पाहून राहिली. रोशनी कोण, म्हणे. वाटलं, थट्टा करून राहिले. मग खिचडी वाढणाऱ्या सुमतीबाई तिला सोडून पुढे गेल्या. तिनं ताट पुढे केलं. दोनदा केलं. मी माझा डबा दिला तिला.

१७ जुलै, गुरुवार
शाळा सुटल्यावर मायाताई पियुषचं बोट धरून निघाली. रोशनी ‘आई, आई’ करत मागे धावली. मी मायाताईला अडवलं. ती म्हणाली, मले एकच पोरगं आहे मॅडम, दुसऱ्या कोनाची असंल. तिची पोरगी तिचा पदर धरून उभी होती अन् ती मला हे सांगत होती! रोशनीला मी खोलीवर घेऊन आले.

१८ जुलै, शुक्रवार
नाव परत टाकायला बसले. पालकाच्या मोबाइलवरचा ओटीपी हवा. मायाताईच्या पाया पडले. नसलेल्या पोरीचा ओटीपी कसा देऊ, म्हणाली. हेल्पलाइनवाल्यानं तक्रारीसाठी विद्यार्थ्याचा नंबर मागितला. तो नंबर तर नोंदीसोबतच गेला! पोलीस चौकीत गेले. रोशनी माझ्या शेजारी बाकावर बसली होती अन् हवालदार विचारत होता, पोरगी आहे कुठे? हेडमॅडम म्हणाल्या, भैरवी, चार दिवस रजा घे.

२१ जुलै
रोशनी विचारते, मी काय केलं मॅडम? केलं तर मी. सांगायची हिंमत नाही झाली. आवाज फार बारीक येऊन राहिला तिचा. हात धरला की नुसता गारवा —

२३ जुलै
दोनदा तिचं ताट घ्यायला विसरले. मी! दारावर, भिंतीवर, हातावर नाव लिहून ठेवलं आहे. नाव वाचते, पण चेहरा — काही केल्या —

२४ जुलै
दोरीवर शाळेचा निळा फ्रॉक वाळत आहे. कोणाचा? मागची पानं वाचली. अक्षर माझंच. म्हणजे ती इथेच आहे. आत्ता. माझ्या ओढणीचं टोक कोणीतरी धरलं आहे — मुठीएवढं चुरगळलं आहे, ओलं होऊन राहिलं आहे. मला काहीच ऐकू येत नाही. रडू नको बाळा. मागच्या पानावरून पाहून लिहिते, तुझं नाव लिहिते, ओढणी सोडू नको वं, हे बघ, रो —