म्हशीची कास चार सेकंदांत

६ नोव्हेंबर २००६, सोमवार
सासरे चन्नाप्पामामा यांच्याबरोबर वडगावच्या जनावरांच्या बाजारात. मामांच्या म्हशी जयसिंगपूरच्या गोठ्यात, बाजारात दाखवायचे ते फक्त फोटो. आयडिया माझी. कॅमेऱ्याचा मोबाइलही दिवाळीत मीच दिलेला.
गिऱ्हाईक चंदगडचे गणपतराव. मुलगी बाळंतपणाला आलीय, घरची म्हैस आटलीय, त्यांना घाई. फोटो वरून खाली उघडायला लागला. गोठ्याचा पत्रा आला. शिंगं आली. पाठ येईपर्यंत गणपतराव चहा पिऊन आले. कास यायच्या आत फोन हँग. म्हैस घेणारा कास बघतो, पत्रा नाही, हे फोन बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
मामा म्हणाले, "पावणं, एवढ्यात म्हस चालत आली असती की."
आठ दिवसांत सोडवतो म्हणून सांगितलं. कॉम्प्युटर क्लासमध्ये जावा शिकवतो मी. आठ दिवस जास्तच होतील.

८ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
सुचलं!
फोटोची फाईल दाबून, घट्ट गुंडाळून ठेवलेली असते. कासेपर्यंत पोचायला फोन बिचारा वरच्या टोकापासून सगळं उलगडत बसतो. त्यात त्याची ताकद ती केवढी. मी फोटोच्या आठ पट्ट्या करणार आणि कुठली पट्टी फाईलमध्ये कुठे सुरू होते याची वेगळी यादी ठेवणार. बटण दाबलं की थेट सहाव्या पट्टीवर उडी. आधी कास, बाकीची म्हैस सवडीने.
जगात हे कुणाला सुचलेलं नसणार. प्रोग्रॅमचं नाव 'राजवेग'. माझ्या राजशेखर नावातला 'राज' त्यात आला, हा योगायोग.
शिवलीलाला समजावून सांगितलं. पोहे निवतायत म्हणाली. यापुढे बायकोला टेक्निकल काही सांगायचं नाही.

१६ नोव्हेंबर
आठ दिवस होऊन गेले. उशिराला कारणं आहेत. लोडशेडिंग, क्लासची टेस्ट आणि मेव्हण्याचं लग्न. ते अजून ठरलेलं नाही, पण विषय चालू आहे.

२० नोव्हेंबर, सोमवार
यश! कास चार सेकंदांत. घड्याळ लावून मोजलं.
गणपतराव फोन डोळ्यापाशी धरून म्हणाले, "कास मुऱ्हा जातीची, शिंगं पंढरपुरी! असली म्हस जल्मात बघितली न्हाय. हीच पायजे." शुक्रवारी न्यायला येणार. मामा दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतले होते, फोटो बघायला वेळ नव्हता. तरी त्यांनी शब्द दिला. याला म्हणतात विश्वास.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
तशी म्हैस गोठ्यात नाही.
गणपतराव दोन एसट्या बदलून, नवं दावं घेऊन आले. गोठ्यातून तीन चकरा मारल्या. शेवटी फोटो दाखवला. मामांनी एकदाच बघितला आणि म्हणाले, "ह्या दोन म्हशी हायत."
झालं असं, की विकलेल्या एका म्हशीचा फोटो मामांनी मधूनच डिलीट केला. माझी यादी एक घर सरकली. एकीच्या कासेला दुसरीची शिंगं लागली. म्हणजे चूक प्रोग्रॅमची नाही, डिलीट करण्याची. मी तिथल्या तिथे सविस्तर सांगितलंही.
गणपतराव मोकळं दावं घेऊन परत गेले. मामा एवढंच बोलले, "तीस वर्सांत माझा शबुद खोटा पडला नव्हता." जेवताना ताटात तूप वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२५ नोव्हेंबर
आवृत्ती दोनचं काम आजपासून, दिवसभर. दुपारी जरा डोळा लागला. संध्याकाळ झाली.

३ डिसेंबर, रविवार
जयसिंगपूरला जाऊन मामांच्या फोनमध्ये आवृत्ती दोन घातली. एकदा चालली. एकदा पुरे. मामा गोठ्यातून बाहेर आलेच नाहीत. शिवलीला चार दिवसांसाठी माहेरी राहिली, मी परत.

४ डिसेंबर, सोमवार
क्लासमुळे बाजार चुकला. सायंकाळी मामांचा स्वतःहून फोन! दहा दिवसांनी आवाज ऐकला. बटण दाबायचा अवकाश, अख्खी म्हैस हजर, शिंगंसुद्धा तिचीच. गणपतराव पुन्हा आले होते. एक मुऱ्हा पसंत केली, गोठ्यावर जाऊन धार काढून बघितली आणि टेम्पोत घालून घेऊन गेले. मामा म्हणाले, "पावणं, झ्याक काम झालं बगा."
मी चार सेकंद धरले होते. इथे एकसुद्धा लागत नाही. मी माझ्या अंदाजाच्याही पुढे गेलो.

११ डिसेंबर
क्लासमध्ये 'राजवेग'वर दीड तास व्याख्यान. पेटंटचा अर्ज रजिस्टर पोस्टाने रवाना. राजीनामाही लिहून खिशात ठेवलाय, तारीख तेवढी घालायची. बंगल्याचा रंग ठरत नाही.

१८ डिसेंबर, सोमवार
क्लासच्या मालकांना 'राजवेग' दाखवायला वडगावला नेलं. मामांच्या फोनमध्ये शोधला. नाही. पुन्हा शोधला. नाहीच. तोवर मालकांनी सहज एक म्हैस उघडली. क्षणात आली. मामा म्हणाले, "शिवलीलानं कायतर केलंय न्हवं त्यात."
घरी येऊन तिला विचारलं. मी परतलो त्याच संध्याकाळी फोनवर मेमरी भरल्याचं येत होतं, म्हणून तिने माझा प्रोग्रॅम काढून टाकला. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोचा आकार 'लार्ज' होता तो 'स्मॉल' केला आणि सगळ्या म्हशींचे फोटो नव्याने काढले. लहान दिसतात, पण कास दिसते म्हणाली.
मला का सांगितलं नाहीस?
"तुम्ही इतकं खुशीत हुता की."
राजीनामा फाडला. जरा वेळाने विचारलं, सेटिंग बदलायला किती वेळ लागला. दोन मिनिटं म्हणाली. त्यातलं एक चष्मा शोधण्यात गेलं.